पोलीस ठाण्यात कुणाला नेलं तर: मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

रात्री साडेअकराला फोन वाजतो. "ताई, भावाला पोलीस घेऊन गेलेत." मी आधी एकच विचारते, "किती वाजता नेलं?" पलीकडे शांतता. मग फोन बाजूला धरून कुणाला तरी विचारणं चालतं. एक म्हणतो आठ, दुसरा म्हणतो जेवणं झाली होती. परवा तर एका खोलीतल्या पाच जणांनी मला पाच वेगवेगळ्या वेळा सांगितल्या. शेवटी शेजारच्या मावशी म्हणाल्या, "नळाचं पाणी गेलं आणि लगेच ते आले." त्यांच्या चाळीत पाणी पावणेनऊला जातं. तेव्हा कुठे आमच्या हातात वेळ लागली.

मी वकील नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून फिरते, अर्ज लिहून देते, लोकांना योग्य खिडकीपर्यंत नेऊन सोडते. बीड-जालन्याहून, सोलापूर-नांदेडहून कामाला आलेली पोरं आणि पीजीत राहणाऱ्या मुली यांचेच फोन जास्त. गावाकडे सरपंच, पोलीस पाटील, कुणाचा तरी मामा असतो. इथे खोलीमालक सोडला तर ओळखीचं कुणी नसतं, आणि तोही अशा वेळी फोन उचलत नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, म्हणून खालचे कलम क्रमांक नव्या कायद्याचे आहेत. जुने वकील अजून जुनेच क्रमांक बोलतात, गोंधळून जाऊ नका.

आधी वेळ लिहा

संविधानाचं कलम २२ आणि संहितेचं कलम ५८ सांगतं की अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, प्रवासाचा वेळ सोडून. वाचायला सोपं आहे. पण हे २४ तास मोजायचे कुठून?

आपल्याकडे 'अटक करणे' असा एक शब्दप्रयोग आहे आणि 'अटक दाखवणे' असा दुसरा. मराठी पेपर वाचणाऱ्याला दोन्ही माहीत असतात आणि दोन्हींतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पोराला रात्री पावणेनऊला खोलीवरून नेलेलं असतं, डायरीत अटक दाखवलेली असते दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. मधले एकोणीस तास कागदावर नसतातच. मुंबई उच्च न्यायालयाने कस्टमच्या एका जुन्या प्रकरणात याचं उत्तर देऊन ठेवलं आहे: माणसाच्या हालचालीवर बंधन आलं की अटक सुरू झाली, अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ टाकली त्याला महत्त्व नाही. पण हे कोर्टात मांडायचं तर पावणेनऊचा पुरावा लागतो, आणि तो त्याच रात्री जमवावा लागतो.

मग करायचं काय? माणसाला नेताच घरच्यांना किंवा मित्राला व्हॉट्सॲपवर मेसेज टाका: किती वाजता, कुठून, किती जण आले, वर्दीत की साध्या कपड्यात, गाडीचा नंबर, कुणाच्या छातीवर नावाची पट्टी होती का. भाषा कशीही असू दे, मेसेजखाली वेळ आपोआप पडते. ११२ ला फोन करून 'अमुकला नेलंय, कोणत्या ठाण्यात नेलं ते कळत नाही' एवढं विचारलं तरी त्या फोनची नोंद होते. आणि सोसायटीच्या वॉचमनला, नाहीतर नाक्यावरच्या किराणावाल्याला गाठून कॅमेऱ्याचं फुटेज मोबाइलवर घ्या. उद्यावर टाकू नका, अशा कॅमेऱ्यांत जुनं फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं.

माणूस आहे कुठे

जवळच्या ठाण्यात असेलच असं नाही. क्राइम ब्रँचची युनिटं वेगळी बसतात, दुसऱ्या हद्दीतले पोलीसही येऊन नेतात. लोकलमध्ये किंवा प्लॅटफॉर्मवर काही घडलं असेल तर ते लोहमार्ग पोलिसांकडे जातं. त्यांचं आयुक्तालयच निराळं आहे आणि हेल्पलाइन १५१२. नवीन माणूस स्टेशनाबाहेरच्या ठाण्यात तासभर बसतो आणि मग त्याला कळतं की आपल्याला प्लॅटफॉर्मवर जायचं होतं.

कलम ४८ प्रमाणे अटकेची आणि माणूस कुठे आहे त्याची माहिती नातेवाईक किंवा मित्राला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कलम ३७ प्रमाणे अटक झालेल्यांची नावं ठाण्यात आणि कंट्रोल रूमला ठेवावी लागतात. जाताना दोघं जा, त्यातलं एक वयाने मोठं असावं. आवाज चढवू नका. कॅमेरा समोर धरून आत शिरू नका. बरोबरचा तरुण मित्र तेच करायला निघालेला असतो, त्याला बाहेर चहाच्या टपरीवर थांबवा.

ठाणे अंमलदाराला विचारायचा प्रश्न

"साहेब, अटक केलीय की चौकशीला आणलंय?"

बहुतेक वेळा उत्तर येतं, "अटक नाय, बसवून ठेवलंय." हे 'बसवून ठेवणं' मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. कायद्याच्या पुस्तकात असा प्रकारच नाही. माणसाला अटक झालेली असते, नाहीतर तो मोकळा असतो. साक्षीदार किंवा माहितगार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ ची लेखी नोटीस लागते. त्यातही स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, साठीच्या पुढचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या राहत्या घरी यायचं. संशयित म्हणून बोलवायचं तर कलम ३५(३) ची नोटीस. ती मिळाली तर जरूर जा, गेल्याची नोंद मागा. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची झाली तर पोलिसांना कारणं लिहावी लागतात. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे.

तर 'बसवून ठेवलंय' असं उत्तर आलं की शांतपणे म्हणायचं, "मग घेऊन जातो साहेब, उद्या बोलवाल तेव्हा आणून हजर करतो." दहातल्या काही वेळा सोडतात. नाही सोडलं, तर तिथेच एका कागदावर अर्ज लिहा: 'अमुक याला पावणेनऊपासून आपल्या ठाण्यात ठेवले आहे, त्यास अटक केली असल्यास कारणे लेखी द्यावीत.' दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का आणि नंबर मागा. शिक्का देत नाहीत? मग तोच कागद ठाण्याच्या आणि परिमंडळाच्या उपायुक्तांच्या ईमेलवर टाका. बाहेर येऊन पाठवलेल्या ईमेललाही वेळ असते.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंग असला तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची असते, कलम ४३(५). पीजीतल्या मुलींनो, हे कलम पाठ करून ठेवा. 'सकाळी आईवडिलांना किंवा वकिलाला घेऊन येते' असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

अटक झालीच तर

अटकेचा पंचनामा केला जातो, त्याला मेमोही म्हणतात. कलम ३६ प्रमाणे त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही लागते. हे नियम १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आले आणि पुढे कायद्यात गेले. सही करण्याआधी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, वेळेचा रकाना वाचा. वेळ चुकीची असेल तर सहीच्या शेजारी आपल्या हाताने लिहा, 'मला काल रात्री ८.४५ ला खोलीवरून आणले.' हे लिहू देत नसतील तर ते कोर्टात सांगायचं लक्षात ठेवा. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कलम १८१ तसं सांगतं.

मग अटकेची कारणं, तीही लेखी. यात आता मुंबईचाच एक निकाल हाताशी आहे. वरळीतल्या गाडीच्या अपघाताच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत. ताबडतोब शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तसं झालं नाही तर अटक बेकायदा ठरते. 'गुन्ह्याच्या तपासासाठी आवश्यक' असली छापील ओळ म्हणजे कारण नव्हे. त्या माणसाने काय केल्याचा आरोप आहे ते त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. तुमच्या खोलीतला जोडीदार बिहारचा असेल आणि कागद मराठीत असेल, तर हिंदीत मागा.

चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येतं, कलम ३८. पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही.

वैद्यकीय तपासणी होते, बहुधा सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात. तिथला प्रकार मी जवळून पाहिला आहे. डॉक्टर मान वर न करता विचारतात, "काही त्रास?" हवालदार दारात उभा. पोरगा म्हणतो, "नाही." संपलं. त्या एका 'नाही'ने पुढचे सहा महिने वाया जातात. मार लागला असेल तर सांगायचं, शर्ट वर करून दाखवायचं, आणि पोलिसांना बाहेर थांबायला सांगा अशी डॉक्टरांना विनंती करायची. नाही जमलं तर कोर्टात.

कोर्ट

हद्दीप्रमाणे कोर्ट ठरतं: एस्प्लनेड (सगळे किल्ला कोर्ट म्हणतात), दादर-भोईवाडा, वांद्रे, कुर्ला, अंधेरी, बोरिवली वगैरे. तपास अधिकाऱ्याला विचारून ठेवा. आरोपीला साधारण जेवणाच्या सुट्टीच्या आगेमागे आणतात, पण तुम्ही अकरालाच पोचा.

वकिलाची सोय नसली म्हणून घाबरायचं कारण नाही. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोफत वकील हा हक्क मानला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ सांगतं की कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांनाही मिळतो. रिमांडच्या वेळी असे वकील कोर्टात नेमलेले असतात. कोर्टातल्या शिरस्तेदाराला किंवा तिथे ड्यूटीवर असलेल्या कॉन्स्टेबलला विचारा. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. कुणी 'मी लीगल एडचाच आहे, दोन हजार द्या' म्हणालं तर नमस्कार करून पुढे जा.

मॅजिस्ट्रेटने विचारायचं असतं, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" हा प्रश्न मुंबईनेच देशाला दिला. शीला बारसे या पत्रकार मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलल्या, त्यांच्यापैकी काहींनी लॉकअपमधल्या मारहाणीबद्दल सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि १९८३ च्या निकालात हे बंधन आलं. आता अडचण अशी की गर्दीच्या बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या लांबलचक यादीत, हा प्रश्न इतक्या घाईत येतो की पोराला कळतच नाही आपल्याला विचारलं. म्हणून दोन वाक्यं आधीच ठरवून ठेवावीत: "साहेब, मला काल रात्री पावणेनऊला घरून नेलं. मला मारलं, इथे लागलंय." मारलं नसेल तर दुसरं वाक्य बोलू नका. खोटी तक्रार उघडी पडली की खरी वेळही बुडते.

पुढचंही सगळं दिवस मोजण्यावर चालतं. ठरलेल्या मुदतीत, गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत, चार्जशीट आली नाही तर जामीन हा हक्क होतो. खटला न संपता शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल तर कलम ४७९ मध्ये सुटकेची तरतूद आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला एक तृतीयांश पुरतो. जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरही नाही.

आणि आता ज्याच्यामुळे मला रात्री झोप लागत नाही ते. जामीन मंजूर होतो आणि पोरगा आतच राहतो. कारण? जामीनदार. पंधरा-वीस हजारांचा जामीनदार, तोही मुंबईचा, रेशनकार्डावर इथला पत्ता असलेला. बीडहून दीड महिन्यापूर्वी आलेल्या पोराने असा माणूस कुठून आणायचा? कोर्टाबाहेर झाडाखाली 'जामीनदार देतो' म्हणणारे उभे असतात. त्यांची कागदपत्रं खोटी निघाली की नवा गुन्हा तुमच्या डोक्यावर. त्यापेक्षा वकिलाला सांगा की मोती राम निकाल दाखवा. १९७८ चा आहे. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाचा जामीन दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून नाकारला; सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं. गावचा सातबारा असलेला चुलता चालला पाहिजे. तोवर रोख जामिनावर सोडा, असा अर्जही करता येतो. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर माणूस गरीब आहे असं धरून त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडायचं, हे कायद्यातच आहे. तरी आठवडे जातात. आर्थर रोड जेल मंजूर जागेपेक्षा कितीतरी जास्त भरलेलं असतं, त्यात असे अडकलेलेही असतात.

तुम्हीच तक्रारदार असाल तर

मोबाइल चोरीला जातो आणि ठाण्यात म्हणतात, "हरवला असं लिहा ना, लगेच काम होईल." नका लिहू. हरवल्याच्या दाखल्यावर चोराचा शोध लागत नाही. चोरी (पाच हजारांहून कमी किमतीची सोडून), मारहाणीतली गंभीर दुखापत, विनयभंग हे दखलपात्र गुन्हे, त्यांची एफआयआर होते. एनसी म्हणजे अदखलपात्र. ती हातात घेऊन लोक खुशीत घरी जातात आणि तिच्यावर, कोर्टाच्या हुकमाशिवाय, तपासच होत नाही. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावीच लागते, हे ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्ये सांगितलं. फक्त तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. 'आमची हद्द नाही' हे कारण आता चालत नाही, झिरो एफआयआर कुठेही होते. ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करा. प्रत फुकट मिळते. नाकारली तर उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

नंतरची दारं

माणसाचा पत्ताच लागत नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा अर्ज), त्यासाठी मानवी हक्क आयोगाकडे जाण्यात वेळ घालवू नका.

मारहाण, बेकायदा डांबणं, पैसे उकळणं यासाठी महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग. सीएसएमटी स्टेशनसमोर, हजारीमल सोमाणी मार्गावर. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत साध्या कागदावर तक्रार चालते. १९९३ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून एक वर्षाच्या आत द्यायची. निनावी तक्रार, कोर्टात चालू असलेला विषय, मालमत्तेचे आणि नोकरीचे वाद आयोग घेत नाही. तीच तक्रार दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे एकाच वेळी पाठवू नका. एकीकडे चालू असलेलं प्रकरण दुसरीकडे घेत नाहीत.

आयोगाचं खरं बळ किती, हे आधीच सांगते म्हणजे आशा लावून बसणार नाही. आयोग चौकशी करतो, साक्षीला बोलावतो, भरपाईची आणि कारवाईची शिफारस करतो. ती फक्त शिफारस असते. सरकार ती मानायला काचकूच करतं. निकालाला वेळ लागतो, कधी कधी तक्रारदार तोवर मुंबई सोडून गेलेला असतो. तरी मी तक्रार द्यायलाच लावते. कारण नोटीस आली की ठाण्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरात अटकेची वेळ लिहावी लागते. ती वेळ आणि रिमांडच्या कागदावरची वेळ जुळत नाही, असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे. पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर महाराष्ट्राने ते कायद्याने उभं केलं.

यातलं काहीही करायच्या आधी, माणूस सुटून आल्यावर पहिल्याच आठवड्यात ठाण्याच्या कॅमेऱ्यांचं फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज द्या. प्रत्येक ठाण्यात दारापासून लॉकअपपर्यंत कॅमेरे हवेत आणि फुटेज अठरा महिने, अगदी कमीत कमी एक वर्ष ठेवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा परमवीर सिंह सैनी निकाल आहे. ठाण्यात 'कॅमेरा बंद होता' म्हणाले तर तेही लेखी मागा. मी हा मजकूर लिहून देते:

'प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक. विषय: सीसीटीव्ही फुटेज जतन करण्याबाबत. महोदय, माझा भाऊ अमुक यास दिनांक अमुक रोजी रात्री ८.४५ वाजता राहत्या खोलीतून आपल्या ठाण्यात आणण्यात आले व दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजता अटक दाखवण्यात आली. या काळातील प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष, व्हरांडा व लॉकअप येथील फुटेज नष्ट न करता जतन करावे व तसे लेखी कळवावे.'

खाली सही, मोबाइल नंबर, तारीख. झेरॉक्स दोन काढा, एक आयोगाच्या तक्रारीला जोडायची आणि शिक्क्याची मूळ पोच गावी आईकडे ठेवायला द्यायची. खोल्या बदलताना इथे कागद हरवतात.